यादवी युद्धातला अमेरिकन सैनिक शोधताना: आधी कंपनी, मग नाव

सोयरीक अमेरिकेत झाली की पुढेमागे हा प्रश्न येतोच. सुनेच्या आजोळी भिंतीवर लांब दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो असतो, कोटावर ताऱ्याचं पदक असतं आणि घरचे सांगतात, "हे यादवी युद्धात होते." नातवंडाला शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प मिळतो, आजोबांना उत्साह येतो आणि रात्री जेवणं झाल्यावर वंशावळीच्या एखाद्या संकेतस्थळावर नाव टाकलं जातं. पहाटेपर्यंत चौदा पिढ्या तयार, वर एक स्कॉटिश सरदारही. त्यातली निम्मी माणसं भलत्याच घराण्यातली निघतात.

चूक जवळजवळ दरवेळी एकाच जागी होते. शोध नावापासून सुरू केला जातो. १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेची राज्यं, म्हणजे केंद्र सरकारची बाजू, आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढली. एकट्या उत्तरेच्या बाजूनं वीस लाखांहून जास्त माणसं भरती झाली, आणि त्यात एकाच नावाचे शेकडो जण होते. सैन्यानं माणूस नोंदवला तो तीन खणांत: राज्य, रेजिमेंट (म्हणजे पलटण), कंपनी (त्या पलटणीतली एक तुकडी). पुढे पेन्शन देणाऱ्या कचेरीनंही तेच खण वापरले. हे तीन खण भरले नाहीत तोवर नुसत्या नावावर पैसा आणि वेळ घालवणं म्हणजे भुई थोपटणं.

खालचे टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा. मधला टप्पा ओलांडून पुढे गेलेले बहुतेक जण परत तिथेच येतात, पण तोवर चुकीची फाइल मागवून झालेली असते.

टप्पा १: तयारी, म्हणजे ऐकलेलं एकीकडे आणि दिसलेलं दुसरीकडे

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे घरात सांगितलेल्या गोष्टी, उजवीकडे प्रत्यक्ष कागदावर, दगडावर किंवा फोटोमागे लिहिलेलं. डावीकडची गोष्ट पुरावा मिळेपर्यंत उजवीकडे न्यायची नाही. "पणजोबा कॅप्टन होते" हे वाक्य हमखास डावीकडचं. युद्धानंतर गावोगाव आदरानं लोकांना कॅप्टन, कर्नल म्हणत. आपल्याकडे पाटलांच्या पोरालाही लोक पाटील म्हणतात, तसंच ते.

भिंतीवरच्या फोटोतलं ते ताऱ्याचं पदकही नीट पाहा. बहुतेकदा ते शौर्यपदक नसतं. उत्तरेच्या माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' नावाची संघटना १८६६ मध्ये निघाली, तिच्या सभासदाचा तो बिल्ला असतो. दिसायला मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च शौर्यपदकाशी मिळताजुळता, म्हणून घराघरांत घोटाळा. पण बिल्ला कामाचा आहे: माणूस उत्तरेच्या बाजूनं होता आणि म्हातारपणी संघटनेच्या एखाद्या स्थानिक शाखेत जात होता, एवढं त्यातून कळतं.

आता वयाचा हिशेब. भरती झालेल्यांतले बहुतेक अठरा ते तिशीतले होते. तुमच्या माणसाचा जन्म साधारण १८२० ते १८४७ च्या बाहेर पडत असेल तर आधी एक पिढी वर-खाली करून बघा. १८५६ मध्ये जन्मलेल्या आजोबांच्या नावावर त्यांच्या वडिलांचं युद्ध चिकटलेलं असणं अगदी नेहमीचं.

आपल्या सवयी इथे आपल्यालाच नडतात, त्या आधीच सांगतो.

पहिली, मधलं नाव. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं. तिथे तसं काही नाही. जॉर्ज डब्ल्यू. अमुक याचा डब्ल्यू बहुतेक वेळा वॉशिंग्टन असतो, विल्यम नावाचा बाप नव्हे.

दुसरी, तारीख. कार्डावर ३-४-१९०७ असेल तर ती ४ मार्च आहे, ३ एप्रिल नव्हे.

तिसरी, नाती. मराठीत चुलत, आते, मामे, मावस असं सगळं वेगळं. इंग्रजीत एका 'कझिन'मध्ये चारही गुंडाळलेले. शिवाय जुन्या कागदांत 'इन-लॉ' हा शब्द सावत्र नात्यासाठीही येतो, आणि 'सीनियर', 'ज्युनियर' म्हणजे बापलेकच असं नाही. एका गावात त्याच नावाचे थोरले नि धाकटे, काका-पुतणेही असू शकतात.

चौथी, संक्षेप. जे-एन-ओ असं लिहिलेलं असेल तर तो जॉन, जोनाथन नव्हे. डब्ल्यू-एम म्हणजे विल्यम, जे-ए-एस म्हणजे जेम्स. शब्दात दोन एस आले की पहिला एस लांब शेपटीचा काढत, तो एफसारखा दिसतो. या एका शेपटीनं अनुक्रमणिकांत किती आडनावं बिघडली आहेत याला गणती नाही.

पुढे जाण्याआधी तपासा: जन्माचं अंदाजे साल, युद्धानंतर राहिलेलं गाव काउंटीसकट, आणि बायकोचं किंवा एका तरी मुलाचं नाव. तिन्ही हवीत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. लग्न, जमीन, मृत्युपत्र अशी सगळी दप्तरं तिथेच असतात. गाव माहीत आहे पण काउंटी नाही, तर अजून सुरुवात झालेली नाही.

टप्पा २: मृत्यूपासून मागे या

सगळ्यांना युद्धापासून सुरुवात करायची असते. तसं करू नका. माणूस मेला कुठे, कधी आणि तेव्हा घरात कोण होतं, इथून एकेक दशक मागे सरका.

दगड आधी. सरकारनं १८७९ पासून खासगी दफनभूमींतल्या उत्तरेच्या सैनिकांसाठीही दगड पुरवले. कोरलेली ढाल आणि त्यात नाव, कंपनी, रेजिमेंट असा साधा मजकूर असतो. जुन्या दगडांवर तारखा बहुधा नसतात. ढालीऐवजी दगडाचा माथा टोकदार असेल तर तो दक्षिणेचा सैनिक. दगडावरचा मजकूर तुमचे तीन खण एका झटक्यात भरतो. मात्र दफनभूमींच्या संकेतस्थळांवर फोटोखाली कुणीतरी हौसेनं लिहिलेलं चरित्र आणि जोडलेले नातेवाईक असतात, ते डावीकडच्या रकान्यात.

मग जनगणना, दर दहा वर्षांची. प्रत्येक सालात काय मिळतं हे माहीत नसल्यामुळे लोक नको ते शोधत बसतात:

१९३० आणि १९१०: दोन्हींत माजी सैनिकांसाठी रकाना आहे. १९१० मध्ये यू-ए म्हणजे उत्तरेचं सैन्य, यू-एन म्हणजे उत्तरेचं नौदल. सी-ए आणि सी-एन दक्षिणेचे. कडेचा हा रकाना बारीक असतो आणि त्यावर नंतर इतर आकडे गिरवलेले असतात, म्हणून प्रतिमा मोठी करूनच वाचा.

१९००: जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात. हे शेवटचे दोन आकडे सोन्याचे. नऊ झाली, पाच हयात असं लिहिलं असेल आणि तुमच्या यादीत पाचच नावं असतील, तर चार लेकरं अजून शोधायची आहेत.

१८९०: मुख्य जनगणना जवळजवळ संपूर्ण गेली. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, त्यात बरीच जळाली नि भिजली. उरलेली पुढे नष्ट केली. मात्र त्याच वर्षी उत्तरेचे हयात सैनिक आणि विधवा यांची वेगळी यादी केली होती. राज्यांच्या इंग्रजी वर्णक्रमानुसार केंटकीच्या अर्ध्यापासून वायोमिंगपर्यंतची ती यादी शिल्लक आहे, आणि त्यात रेजिमेंट, कंपनी, भरतीची नि सुटकेची तारीख असं सगळं आहे. दक्षिणेच्या काही सैनिकांची नावं चुकून लिहून मग खोडलेली दिसतात, खोडलेलंही वाचा. कॅन्ससची यादी गेली, पण त्या राज्याच्या १८८५ च्या स्वतंत्र जनगणनेत सैनिकी सेवेचे रकाने आहेत.

१८८०: कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आई-वडिलांचं जन्मस्थान. नातं पहिल्यांदा इथेच लिहिलं गेलं. १८७०, १८६० आणि १८५० मध्ये एका घरात राहणारी माणसं दिसतात, नातं नाही. घरातली पंचविशीची बाई बायकोच असेल असं धरून चाललेली कितीतरी झाडं मी पाहिली आहेत. ती बहीण निघते, किंवा दुसरी बायको, आणि मोठी मुलं पहिलीची.

सावधान: एखाद्या दशकात माणूस सापडला नाही तर उडी मारून मागच्या दशकात जाऊ नका. शेजारी शोधा. १८८० ला ज्या दोन-तीन घरांच्या मधे तो होता, तीच घरं १८७० च्या पानावर सापडली की मधलं विचित्र स्पेलिंगचं नाव बहुधा त्याचंच असतं. गणक कानाला ऐकू येईल तसं लिहीत. जर्मन श्मिट स्मिथ होतो, कॉख कुक होतो.

टप्पा ३: तीन खण भरा

आता नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावरच्या मोफत सैनिक-सूचीत जा. तिथे नावांच्या साठ लाखांहून जास्त नोंदी आहेत; लढलेल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त, कारण एकच माणूस दोन रेजिमेंटमध्ये किंवा तीन स्पेलिंगांत दिसतो. म्हणून सापडलेलं नाव म्हणजे उत्तर समजू नका. उमेदवारांची यादी करा.

ती गाळायची कशी? भूगोलानं. स्वयंसेवक सैन्यात कंपनी बहुधा एकाच काउंटीत, कधी तर एका गावात उभी राहायची. तुमचा माणूस १८६० ला ओहायोच्या ज्या काउंटीत होता तिथून कोणत्या कंपन्या निघाल्या हे राज्याच्या अ‍ॅडजुटंट जनरलच्या, म्हणजे राज्याच्या सैन्याचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, छापील अहवालांत आणि काउंटीच्या जुन्या इतिहासग्रंथांत मिळतं. त्याच कंपनीच्या यादीत त्याचे शेजारी, मेहुणे, भाऊ दिसले की खात्री वाढते.

गाळणीतून कुणीच उरला नाही, तर दोन शक्यता बघा. नियमित लष्करातले नि नौदलातले शिपाई स्वयंसेवकांच्या सूचीत नसतात. लष्कराची भरतीची रजिस्टरं वेगळी, नौदलाचीही वेगळी. दुसरी शक्यता, माणसानं वेगळ्या नावानं नोकरी केली.

या दुसऱ्या शक्यतेचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेल्या घरातलं देतो. गुलामांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन यांनी १८६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न इथे नेल्सन डेव्हिसशी लग्न केलं. नेल्सन १८८८ मध्ये वारले. सैनिकाची विधवा म्हणून टबमन यांनी पेन्शनचा अर्ज केला, पण सैन्याच्या दप्तरात ८ व्या कृष्णवर्णीय पायदळ रेजिमेंटच्या जी कंपनीत नेल्सन डेव्हिस नावाचा शिपाई नव्हताच. होता तो नेल्सन चार्ल्स. चार्ल्स हे मालकाचं आडनाव. डेव्हिस वडिलांचं, सैन्यातून सुटल्यावर घेतलेलं. दोन्ही नावं एकाच माणसाची हे जबान्यांनी सिद्ध करता करता काही वर्षं गेली आणि १८९५ मध्ये महिना आठ डॉलर मंजूर झाले. आज त्यांच्या वंशाचा अभ्यास करणाऱ्यानं नुसतं 'डेव्हिस' टाकून शोधलं तर हात हलवत परत येईल. 'जी कंपनी, ८ वी रेजिमेंट' टाकलं तर सापडेल.

पुढे जाण्याआधी तपासा: राज्य, रेजिमेंटचा आकडा नि प्रकार (पायदळ, घोडदळ, तोफखाना), कंपनीचं अक्षर. ५ वं पायदळ आणि ५ वं घोडदळ ही दोन वेगळी घरं आहेत.

टप्पा ४: काहीही मागवण्याआधी पेन्शनची अनुक्रमणिका

क्रमाची सर्वांत महागडी चूक इथे होते. लोक आधी सेवानोंद मागवतात, आठवडेच्या आठवडे थांबतात, मग हातात येतात हजेरीची कार्डं, ज्यांत बायको नाही, मुलं नाहीत, आई-बाप नाहीत. कुटुंब हवं असेल तर ते पेन्शनच्या फाइलीत आहे. आणि फाइल आहे की नाही हे अनुक्रमणिकेत फुकट कळतं.

अनुक्रमणिका दोन आहेत. नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, मायक्रोफिल्म क्रमांकानं त्या ओळखल्या जातात. टी-२८८ नावाच्या क्रमानं लावलेली. टी-२८९ रेजिमेंट आणि कंपनीच्या क्रमानं. पहिली सगळे बघतात. दुसरी फार थोडे बघतात, आणि खरं काम तीच करते: कंपनीतल्या पेन्शनवाल्यांची कार्डं ओळीनं चाळता येतात, स्पेलिंग काहीही असो. टोपणनाव असेल तर ते कार्डावर लिहिलेलं असतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढून दोन्ही अनुक्रमणिका शोधता येतात. पैसे भरायची संकेतस्थळं बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत फुकट वापरता येतात.

कार्डावरचे आकडे नीट उतरवा. एस-ओ म्हणजे सैनिकाचा अर्ज, एस-सी म्हणजे मंजूर प्रमाणपत्र. डब्ल्यू-ओ आणि डब्ल्यू-सी विधवेचे. त्याशिवाय अज्ञान मुलांचे आणि आश्रित आई-वडिलांचे. ओ आहे पण सी नाही, याचा अर्थ अर्ज नामंजूर झाला किंवा अर्धवट राहिला; फाइल तरीही असते आणि नामंजूर फाइली कधी कधी जास्त जाड असतात, कारण माणूस भांडला.

सावधान: विधवेनं अर्ज केला की सैनिकाचे कागद तिच्या फाइलीत जात. म्हणून सगळ्यांत शेवटचा क्रमांक मागवा, पहिला नव्हे. कार्डावर एक्स-सी असेल तर फाइल पुढच्या काळात नव्या क्रमांकाखाली गेली. ती कुठे ठेवली आहे हे आर्काइव्ह्जला आधी विचारा, मग पैसे भरा.

आणि विधवा पुन्हा लग्न करून गेली असेल तर? तिचं पेन्शन बंद व्हायचं आणि अज्ञान मुलांच्या नावानं पालक अर्ज करायचा. १९०१ च्या कायद्यानं, दुसरा नवराही वारला तर काही अटींवर पहिल्या नवऱ्याच्या नावावरचं पेन्शन परत मागता यायचं. अशी बाई कार्डावर दुसऱ्या नवऱ्याच्या आडनावानं दिसते.

टप्पा ५: सेवानोंद, पण योग्य अपेक्षेनं

सेवानोंद म्हणजे मूळ कागद नव्हेत. दर दोन महिन्यांनी भरल्या जाणाऱ्या हजेरीपटांवरून युद्ध खात्याच्या कारकुनांनी नंतर एकेका शिपायाची कार्डं उतरवली. त्यात मिळतं ते असं: भरतीची जागा नि तारीख, वय, उंची, जन्मस्थान, धंदा, हजर-गैरहजर, इस्पितळ, कैद, सुटका. अठरापेक्षा लहान असेल तर आई किंवा वडिलांचं संमतीपत्र क्वचित सापडतं, आणि सगळ्या सेवानोंदीत घरचं नाव असलेला तेवढाच कागद.

'हजर' म्हणजे लढाईत होता असं नाही. पगाराच्या दिवशी छावणीत होता एवढंच. 'पळून गेला' म्हणजेही शेवटचा शब्द नाही. आजारी होऊन दुसऱ्याच इस्पितळात पडलेल्या कित्येकांवर तो शिक्का बसला आणि वर्षांनंतर काढला गेला. सगळी कार्डं वाचल्याशिवाय घरच्यांना काही कळवू नका. एका घरात अर्ध्या नोंदीवरून पणजोबांना पळपुटं ठरवल्याचं मला पाहावं लागलं आहे. पुढच्याच कार्डावर टायफॉइड होता.

मागवण्यासाठी नॅशनल आर्काइव्ह्जचे दोन अर्ज आहेत: सेवानोंदीसाठी एन-ए-टी-एफ ८६, पेन्शनसाठी एन-ए-टी-एफ ८५. त्याआधी कागद कुठे डिजिटल झाले आहेत का ते पाहा. पेन्शनच्या अर्जात 'संपूर्ण फाइल' हाच पर्याय निवडा. निवडक पानांचं पाकीट स्वस्त पडतं, पण निवड तुमची नसते.

टप्पा ६: फाइल आल्यावर

शंभर-दीडशे पानं येतात, कसल्याही क्रमात. पहिलं काम: आली त्याच क्रमात पानांना आकडे घाला आणि एक प्रत तशीच ठेवा. दुसऱ्या प्रतीवर तारखेनुसार लावा. वाचायला लगेच बसलात तर लग्नाची तारीख कुठल्या पानावर होती हे पुन्हा सापडणार नाही.

वाचताना कोणता कायदा लागू होता ते लक्षात ठेवा, कारण कायदा बदलला की प्रश्न बदलले, म्हणून उत्तरंही. १८६२ च्या कायद्यात दुखणं युद्धात जडलं हे सिद्ध करावं लागे. म्हणून सोबती शिपाई, डॉक्टर, शेजारी यांच्या जबान्या. १८९० च्या कायद्यात नव्वद दिवसांची सेवा आणि काम न करता येण्याजोगं कुठलंही अपंगत्व पुरे झालं. अर्जांचा पूर आला. १९०७ च्या कायद्यात वयच पुरलं: बासष्टीला महिना बारा डॉलर, सत्तरीला पंधरा, पंचाहत्तरीला वीस.

यातून वयाची एक गंमत होते. भरतीच्या वेळी पोरं वय वाढवून सांगत, नाहीतर घेत नसत. १९०७ नंतर म्हाताऱ्यांना वय जास्त असण्यात फायदा होता. मधे जनगणनेत कुणाला काही फरक पडत नव्हता. तीन वयं तीन सांगत असतील तर सरासरी काढू नका. कुणाला काय मिळणार होतं ते बघा. मी युद्धाआधीच्या, म्हणजे पोर लहान असतानाच्या १८५० च्या जनगणनेला झुकतं माप देतो.

कुटुंबासाठी दोन छापील प्रश्नपत्रिका आधी हुडका. १८९८ ची: लग्न झालंय का, बायकोचं माहेरचं नाव, लग्न कधी, कुठे, कुणी लावलं, आधी लग्न झालं होतं का, हयात मुलांची नावं नि जन्मतारखा. १९१५ ची: जन्माची जागा, भरतीच्या वेळचं गाव, बायको-मुलं पुन्हा. ही दोन पानं मिळाली की निम्मं घर उभं राहतं. ती उत्तरं स्वतः सैनिकानं दिली आहेत. तरी म्हातारपणी आठवून दिलेली आहेत. मुलांच्या तारखा इतर कागदांशी ताडा.

विधवेच्या भागात लग्नाचा पुरावा असतो, कारण त्याशिवाय पैसे नव्हते. सरकारी दाखला नसेल तर पाद्र्याचं पत्र, साक्षीदार, कधी घरच्या बायबलमधून कापलेली जन्म-मृत्यूची पानं. आधीच्या लग्नांचा शेवट कसा झाला तेही सांगावं लागे. टबमन यांनाही पहिले पती जॉन टबमन यांच्या मृत्यूबद्दल जबाब द्यावा लागला. तेव्हा फाइलीत फक्त एका सैनिकाचं घर नसतं, बाईची आधीची सगळी गोष्ट असते. खटला गुंतागुंतीचा असेल तर विशेष तपासनीस गावात जाऊन जबान्या घेई. कोण कुणाची सवत, कोण कुणाला कधीपासून ओळखतं, सगळं शेजाऱ्यांच्या तोंडून. त्या जबान्या सावकाश वाचा. तिथे खोटंही आहे, पण खोटं बोलणाऱ्याचं नाव, वय आणि पत्ता खरा असतो.

लग्न न होता युद्धात मेलेल्या मुलाची फाइल आईच्या नावानं शोधा. मुलगा आपल्याला पोसत होता हे दाखवायला काही आयांनी त्याची छावणीतून आलेली पत्रं जोडली, आणि ती अजून फाइलीत आहेत.

तपासा: सैनिकानं दोन्ही बाजूंनी तर सेवा केली नाही? नॉर्थ कॅरोलायनाच्या मोझ ट्रिपलेटनं आधी दक्षिणेच्या आणि मग उत्तरेच्या सैन्यात नोकरी केली. म्हातारपणी त्याच्याहून खूप लहान बाईशी लग्न केलं. मुलगी आयरीन १९३० ला जन्मली आणि बापाच्या उत्तरेकडच्या सेवेवर महिना ७३ डॉलर १३ सेंट घेत २०२० च्या मे अखेरीस वारली. पिढ्या मोजताना सरसकट पंचवीस वर्षं धरणाऱ्यांनी हे एक घर डोळ्यांपुढे ठेवावं.

टप्पा ७: दक्षिणेचा सैनिक

केंद्र सरकारनं दक्षिणेच्या सैनिकांना युद्धाबद्दल पेन्शन दिलं नाही, राज्यांनी दिलं. अर्ज त्या राज्यात होई जिथे म्हातारपणी तो राहत होता, जिथून लढला तिथे नव्हे. जॉर्जियाकडून लढून टेक्ससला गेलेल्याची फाइल टेक्ससच्या राज्य अभिलेखागारात. ओक्लाहोमा तर युद्धाच्या वेळी राज्यही नव्हतं, तरी तिथे अर्ज सापडतात. सेवानोंद मात्र नॅशनल आर्काइव्ह्जमध्येच.

टप्पा ८: कृष्णवर्णीय सैनिक

जवळपास १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात होते. गुलामीत जन्मलेल्यांची १८५० नि १८६० च्या जनगणनेत नावं नाहीत. गुलामांच्या वेगळ्या यादीत मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, वर्ण. नावानिशी पहिली जनगणना १८७० ची. म्हणून इथे क्रम थोडा बदलतो: पेन्शनची फाइल जनगणनेच्याही आधी. १८७० च्या भिंतीपलीकडे नेणारा सर्वांत भरवशाचा कागद तोच, कारण जबान्यांत पूर्वीचा मालक, मळा, आई-वडील, गुलामीत लागलेलं लग्न यांचे उल्लेख येतात.

सेवानोंदीही इथे जास्त बोलतात. उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरच्या राज्यांतल्या, सरकारशी एकनिष्ठ मालकांना गुलाम सैन्यात गेल्याबद्दल भरपाई मागता येत होती. ते दावे, मालकी हक्काच्या पुराव्यासह, कधी शिपायाच्याच पाकिटात असतात. ते वाचायला मन धजत नाही, पण त्यात आईचं नाव असू शकतं. त्यासोबत गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या, १८६५ ते १८७४ चालू असलेल्या फ्रीडमन्स बँकेची खातेपुस्तकं बघा. खातं उघडताना आई, बाप, भावंडं, जन्मगाव विचारलेलं असे.

सावधान: मालकाचं आडनाव घेतलंच असेल असं धरू नका. घेतलं असलं तरी शेवटच्याच मालकाचं होतं असंही नाही.

टप्पा ९: फाइल नसेल तर, आणि असली तरी

फाइल नसण्याची कारणं साधी असतात: सेवा नव्वद दिवसांहून कमी, सन्मानानं सुटका नाही, किंवा मागण्याआधीच मृत्यू. अशा वेळी कंपनीतल्या दोन-तीन सोबत्यांच्या फाइली बघा. तुमचा माणूस दुसऱ्याच्या फाइलीत साक्षीदार म्हणून आला असेल तर त्याचा पत्ता, वय आणि सही तिथे आहे.

याशिवाय हेही बघा: १८८३ मध्ये सिनेटनं काउंटीवार छापलेली पेन्शनधारकांची पाच खंडांतली यादी, १९०७ ते १९३३ ची पेन्शन देय कार्डं (यांत मृत्यूची तारीख सापडते), आणि डेटन, मिलवॉकी, लेव्हनवर्थ इथल्या अपंग सैनिकांच्या राष्ट्रीय वसतिगृहांची रजिस्टरं, ज्यांत जवळच्या नातेवाइकाचं नाव नि पत्ता असतो. पश्चिमेकडे गेलेल्यांनी सरकारी जमीन घेतली का तेही बघा; १८७२ च्या कायद्यानं होमस्टेडच्या, म्हणजे सरकारी जमीन मालकीची होण्यासाठी तिथे राहून कसायच्या, पाच वर्षांतून सैन्यातला काळ वजा होत असे, त्यामुळे जमिनीच्या फाइलीत सुटकेच्या दाखल्याची नक्कल असते.

शेवटी मुलांकडून खाली उतरा. १९०० ची मुलांची संख्या, १८९८ ची यादी आणि बापाच्या मृत्युलेखातली नावं समोरासमोर ठेवा. मुलींची आडनावं मृत्युलेखात नवऱ्याच्या नावानं येतात, 'मिसेस अमुक तमुक' अशी. लग्नाचा दाखला काउंटीत. जिथे तीन याद्या जुळत नाहीत तिथे पानाच्या कडेला प्रश्नचिन्ह घाला आणि ते झाडात जसंच्या तसं उतरवा. जिवंत माणसांपाशी आलात की सार्वजनिक झाडावर नाव, तारीख, गाव काहीही टाकायचं नाही, जावयाच्या मावशीचंही नाही. त्यांना फोन करा. अटारीवरच्या खोक्यात त्या माणसाचा सुटकेचा मूळ दाखला असण्याची शक्यता कुठल्याही संकेतस्थळापेक्षा जास्त आहे.